शंभर ग्रॅममागे एकशे अठरा

तोकुजीकाकांसमोर "गोडाला बेताचं आहे हो, छान!" असं म्हणणाऱ्या माणसाला आमच्या गावात पुन्हा योकानची मिठाई मिळत नसे. टपाल कचेरीतल्या नव्या साहेबांनी एकदा भाबडेपणाने तसं कौतुक केलं. काकांनी त्यांच्या हातातलं खोकं काढून घेतलं, वरचा कागद सोडला, नीट घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "बेताचं गोड हवंय ना? मग पाणी प्या. नळाला फुकट येतं."

काकांच्या दुकानाचं नाव तोचिया. दारावर हातभर लांबीची लाकडी पाटी. वडील गेले त्या वर्षी काकांनी ती स्वतः कोरून घेतली होती: 'वडिलांची चव. तसूभर फरक नाही.' दर नव्या वर्षाला आळीतले सगळे जेवायला जमले की दुसऱ्या पेल्यानंतर काका उठून उभे राहत आणि जाहीर करत, "ज्या दिवशी चव बदलेल, त्या दिवशी ही पाटी माझ्या हाताने उतरवीन आणि दुकानाला कुलूप लावीन. शब्द म्हणजे शब्द!" आम्ही टाळ्या वाजवायचो. तामीकाकू, म्हणजे त्यांची बायको, तेवढ्यात काहीतरी आणायला स्वयंपाकघरात गेलेली असायची. मला वाटायचं, पन्नास वर्षं एकच भाषण ऐकून कंटाळली असेल बिचारी.

आमच्याकडे योकान हिवाळ्यात करतात. अझुकी, म्हणजे चवळीसारखं लाल कडधान्य, शिजवायची, सालं काढून गर गाळायचा, त्यात काळी साखर आणि चायना ग्रास घालून घोटायचं आणि वहीएवढ्या चपट्या खोक्यात ओतायचं. बाहेर बर्फ, पाय कोतात्सूच्या, म्हणजे शेगडीवरच्या बुटक्या मेजाच्या, रजईत, पुढ्यात ते थरथरणारं गार खोकं आणि हातात लाकडी चपटा चमचा. एका माणसाला एक खोकं. बाकीच्या देशात हे म्हणे उन्हाळ्यात खातात. खाऊ देत.

मी मुरानो किनुको. गावच्या शाळेत चौतीस वर्षं आहारतज्ज्ञ होते. गावातल्या पन्नाशीखालच्या प्रत्येकाने माझ्या हिशोबाची गाजरं खाल्लेली आहेत आणि ती खिशात कोणी लपवली हेही मला आठवतं. म्हणून मी सगळ्यांची 'बाई'. माझं घर आणि तोचिया यांच्यामध्ये फक्त बर्फ लोटायचं गटार आहे. त्यात कोणी किती बर्फ लोटायचा यावरून काकांचं आणि माझं दर हिवाळ्यात भांडण होतं. ते झालं नाही तर आम्हाला थंडी सुरू झाल्यासारखी वाटत नाही.

काका सोळाव्या वर्षापासून कढईसमोर उभे आहेत. साठ वर्षं वल्ह्यासारखा लाकडी झारा फिरवून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली उतरलाय. तामीकाकू पलीकडच्या खोऱ्यातल्या कपाटं करणाऱ्या सुताराची मुलगी. बघायला गेले तेव्हा काकांनी योकानचं खोकं नेलं होतं. तिने पहिला चमचा घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी तिथल्या तिथे होकार दिला. काकू अजून सांगते, "गोडाने दाढ ठणकली हो. मी रडत होते आणि यांना वाटलं, कदर आहे!"

तर असं हे दुकान. पण गिऱ्हाईक म्हातारं झालं होतं. गेल्या हिवाळ्यात एकट्या आमच्या आळीत चार अंत्ययात्रा निघाल्या, आणि चौघंही तोचियाचे नेमाचे खाणारे. काका अंत्यदर्शनाला जाऊन आले की म्हणत, "आठवड्याची दोन खोकी गेली." त्यांना माणसाचं दुःख नव्हतं असं नाही. ते तसंच बोलत. या थंडीत रोजच्या तिसांतली बारा-बारा खोकी उरायला लागली. असंच चाललं तर पुढच्या हिवाळ्यात चूल पेटवायची कशाला, असं एकदा ते माझ्यासमोर बोलून गेले आणि मग बोललो म्हणून माझ्यावरच चिडले.

तेव्हा हायवेवरच्या थांब्याचे व्यवस्थापक सेगावा चालून आले. तिथे गाड्या थांबतात, शहरातले लोक आसपासच्या गावांचे मुळे, लोणची, मिठाया विकत घेतात. सेगावा चाळीस-पंचेचाळिशीचे, कायम हातात फाइल, आणि बोलताना मान इतकी वाकवायचे की समोरच्याचं कंबरडं दुखावं.

"फळीवर जागा देतो, काका. अगदी दारासमोरची. फक्त खोक्यामागे पोषणाचं लेबल हवं."

"कसलं?"

"शंभर ग्रॅममध्ये उष्मांक किती, प्रथिनं, स्निग्ध, कर्बोदकं, मीठ. तुमच्यासारख्या छोट्या दुकानाला कायद्याने सूट आहे, पण माझ्या फळीवर नाही. लोक आधी मागची बाजू वाचतात."

"योकानला मागची बाजू नसते," काका म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. दारासमोरची फळी म्हणजे दुकान वाचलं, हे त्यांना कळत होतं.

मला नवल वाटलं ते तामीकाकूचं. एरवी नवऱ्याला पुढे ढकलणारी तीच. पण या वेळी म्हणाली, "कशाला हवीय ती फळी? मोडकंतोडकं चाललंय ते बरं आहे."

"का गं? बाई आहेत की शेजारी! चौतीस वर्षं हाच धंदा केलाय त्यांनी. शाळेतली गाजरं मोजली, आता माझं योकान मोजतील."

काकूने माझ्याकडे बघितलं. मांजर पाहुण्याकडे बघतं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छोटा काटा, चाकांचा मोठा काटा, वही आणि चष्मा घेऊन तोचियाच्या स्वयंपाकघरात हजर झाले.

"काका, अझुकी किती?"

"नेहमीएवढी."

"नेहमी म्हणजे?"

"या पातेल्याला हा पोचा दिसतोय? त्या पोच्यापर्यंत."

"आणि पाणी?"

"ते अझुकीला विचारा."

"मीठ?"

"चिमूटभर."

"कोणाच्या चिमटीने? तुमच्या की काकूच्या?"

त्यांनी रागारागाने काट्यावर चिमूट सोडली. दोन ग्रॅम. म्हटलं, पुन्हा. तीन ग्रॅम. म्हटलं, आणखी एकदा. "बाई, तुम्ही योकान करताय की माझी परीक्षा घेताय?"

"घोटायचं किती वेळ?"

"झारा ओढला की तळ दिसला पाहिजे, आणि 'तोकुजी' म्हणेपर्यंत मिटला पाहिजे."

"हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

"मला काय विचारता? रकाने तुमचे."

साखरेपाशी मात्र काका ताठ झाले. भिंतीजवळ साखरेची लाकडी पेटी, आणि पेटीत साखरेतच रुतलेलं आजोबांच्या वेळचं चौकोनी लाकडी माप. एक शेरी. "इथे चिमूट-बिमूट काही नाही. तीन मापं. आजोबांनी तीन घातली, बाबांनी तीन घातली, मी तीन घालतो. लिहा." त्यांनी माप भरून घेतलं, काठीने सपाट केलं, कढईत उपडं केलं. तीनदा. "रिकामं मापसुद्धा हल्ली जड लागतं," ते म्हणाले. "वय झालं, दुसरं काय."

मागे काकूच्या हातातला झारा खाली पडला.

घरी येऊन मी आकडेमोड केली. अशी एक शेरी तीन मापं म्हणजे साखर तीन किलो तीनशेच्या आसपास. शंभर ग्रॅममागे एकशे सत्तर उष्मांक. इतर दुकानांचं योकानही तेवढंच असतं. खूश होऊन वही मिटणार होते, पण मला एक खोड आहे. शाळेत मी कधी कोणाच्या मापावर विश्वास ठेवला नाही, आधी आणि नंतर पोतं तोलायचे. इथेही काका मीठ चिमटीने घेत होते तेवढ्यात मी साखरेची पेटी चाकांच्या काट्यावर घेतली होती, आणि निघताना पुन्हा. पेटी हलकी झाली होती दोन किलो शंभरने.

सव्वा किलो साखर गेली कुठे? मी काटा तपासला. स्वतःला तोलून पाहिलं. माझं वजन जेवढं नको होतं तेवढंच भरलं, म्हणजे काटा बरोबर होता.

दोन दिवसांनी भरपूर बर्फ पडला आणि काका छपरावरचा बर्फ ओढायला शिडीने वर चढले. मी मागच्या दाराने तोचियात शिरले. काकू पेटीपाशीच उभी होती, जणू माझी वाटच बघत होती. तिने माप साखरेतून उपसलं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. बाहेरून चार बोटं उंच. मी आत बोट घातलं. बोट मध्येच टेकलं.

"माशाची वडी ज्या लाकडी फळीवर बसवून विकतात ना, त्या फळ्या आहेत," काकू हळूच म्हणाली. "नव्या वर्षाला आपण तीन वड्या आणतो ना. खालच्या फळ्या रंधून पुठ्ठ्याएवढ्या पातळ करते आणि तिन्ही शेजारी शेजारी बसवते. दर वर्षी एक थर. बारा झाले."

छपरावर धप्प झालं. आम्ही दोघींनी वर पाहिलं. पुन्हा फावडं चालू झालं तशी ती पुढे बोलली.

"दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, गोड बंद. हे म्हणाले, योकानवाला योकान चाखणार नाही तर कोण चाखणार? साखरेचं खाणार त्याला देव देणार! चाखायचं म्हणून रोज दीड खोकं. भांडले, रडले, माहेरी जाऊन बसले. काही उपयोग नाही. तोंड काही बंद करता येईना, म्हणून मापाचं बूड वर घेतलं."

"आणि चव?"

"एकदम केलं असतं तर कळलं असतं. दर वर्षी केसभर. यांना कळलं नाही, गावाला कळलं नाही. उलट गेल्या वर्षी हेच म्हणाले, आता कुठे बाबांसारखं जमायला लागलंय."

मला हसू आलं, पण पुरतं हसले नाही. कारण इकडे आड तिकडे विहीर होती. खरा आकडा लिहावा तर काकांना कळणार आणि पाटी उतरणार. तो माणूस शब्दाला जागणारा, कुलूप लावल्याशिवाय राहणार नाही. लेबलच नको म्हणावं तर फळी गेली, म्हणजे दुकान तसंही बुडालं. उरली तिसरी वाट, एकशे सत्तरच लिहावं. काकूने तीच सुचवली.

"बाई, एवढं खोटं लिहाल?"

"नाही लिहिणार," मी म्हणाले. "चौतीस वर्षांत एका ग्रॅमचं खोटं लिहिलं नाही."

"मग त्यांना कळणारच."

"कसं कळेल? एवढी बारीक अक्षरं त्यांना दिसतात तरी का? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी खरं लिहिते, तुम्ही गप्प बसा."

शिडी करकरली. काका खाली आले, मला बघून म्हणाले, "बाई, गटारात तुमच्याकडचा बर्फ जास्त आहे." मी म्हटलं, "मोजून सांगते."

लेबल छापलं. शंभर ग्रॅममध्ये उष्मांक एकशे अठरा. सेगावांनी आग्रह धरला की 'एका वेळचं प्रमाण, खोक्याचा पाचवा भाग' असंही लिहा. काका म्हणाले, "पाचवा भाग काय मांजराला घालायचा?" मग मी 'एका खोक्यात तीनशे चोपन्न' अशी वेगळी ओळ घातली आणि दोघांनाही गप्प केलं.

पहिल्या आठवड्यात फळीवरची साठच्या साठ खोकी संपली. दुसऱ्या आठवड्यात सेगावांचा फोन आला, दुप्पट पाठवा. काका आनंदाने दोन दिवस चिडले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आपलं योकान दारासमोर कसं दिसतं ते बघून येतो, आणि बसने हायवेवर गेले.

मी आणि काकूने सगळा विचार केला होता, फक्त सेगावांचा केला नव्हता. त्या भल्या माणसाने सगळी लेबलं वाचून, ठळक अक्षरांत तक्ता टांगून, तोचियाच्या खोक्यांवर ताटाएवढा गुलाबी कागद लावला होता: 'पंचक्रोशीत सर्वांत कमी गोड! तब्येतीला हलकं! मधुमेह असलेल्या आजीआजोबांना आवडीची भेट!'

काका परत आले ते घरी गेलेच नाहीत, सरळ माझ्या दारात. टोपीवर बर्फ, हातात तो फाडून आणलेला गुलाबी कागद.

"बाई! नाक कापलंत माझं!"

"आत या आधी, काका."

"आत-बित काही नाही! एक बाई तिथे तिच्या नवऱ्याला सांगत होती, हे घे, हे औषधासारखं आहे. औषध! माझ्या बाबांचं योकान! शेजारच्या गावच्या त्या वानोच्या योकानात एकशे बाहत्तर आणि माझ्यात एकशे अठरा? वानोच्या? त्याचा बाप आमच्याकडे खोकी बांधायला होता!"

"कमी असणं चांगलं मानतात हल्ली."

"मानू देत! तुमचा काटा बिघडलाय, नाहीतर तुमचं डोकं. उद्या सगळ्यांसमोर करून दाखवतो. तुमच्याच काट्यावर. बाबांची वही काढतो. आणि त्या सेगावाला बोलवा, त्यालाही बघू दे!"

दुसऱ्या दिवशी तोचियात आम्ही चौघं. काकू भिंतीला टेकून उभी, हात पदरात गुंडाळावेत तसे एप्रनमध्ये गुंडाळलेले. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. सांगून टाकू का, असं मी डोळ्यांनी विचारलं, तिने मान हलवली. त्या क्षणी मला माझ्या खरेपणाचा खरंच राग आला. एक आकडा खोटा लिहिला असता तर काय आकाश कोसळलं असतं?

काकांनी वडिलांची तेलकट वही उघडली. साखर जुन्या वजनात लिहिली होती. मी हिशोब करून सांगितलं, तीन किलो तीनशे पंचाहत्तर.

"ऐकलंत? आज माप नाही. सगळं काट्यावर. नाहीतर बाई म्हणतील, मापात हात मारला."

ते पोत्यातून काट्यावर साखर ओतायला लागले. ढीग वाढायला लागला. दोन किलोवर त्यांचा हात सवयीने थांबला. त्यांनी ढिगाकडे बघितलं, मग काट्याकडे.

"अजून?"

"वहीत तसंच आहे," मी म्हणाले.

"मग बरोबरच आहे," काका म्हणाले आणि ओतत राहिले. 

रात्रभर खोकी गार पडवीत सेट झाली. सकाळी पुन्हा आम्ही चौघं कोतात्सूभोवती बसलो. काकांनी पहिलं खोकं उघडलं, चमच्याने चौकोन कापला, तोंडात घातला. आणि थांबले.

सेगावांनी शिष्टाचार म्हणून मोठा घास घेतला होता. त्यांचे डोळे विस्फारले. "गोडाला... भरपूर आहे," ते म्हणाले आणि चहाची किटली स्वतःकडे ओढली. मी अर्धा चमचा खाल्ला. जीभ टाळूला चिकटली.

काकांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. घशाखाली घालताना मान पुढे काढत होते. मग त्यांनी चमचा खाली ठेवला.

"हीच," ते म्हणाले. "बाबांची चव हीच. शाळेतून आलो की कढई खरवडायला द्यायचे. हीच ती." त्यांनी खोकं दूर सारलं. "आणि मला जात नाही."

 काकू उठली, स्वयंपाकघरातून माप आणि पातळ सुरी घेऊन आली आणि नवऱ्यासमोर बसली. सुरीचं टोक कडेला घालून तिने एकेक फळी काढायला सुरुवात केली. सुताराची मुलगी ती, एवढं घट्ट बसवलं होतं की प्रत्येक फळी निघताना टक्क आवाज येत होता. मेजावर बारा थर झाले. प्रत्येक थरातल्या मधल्या फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने वर्ष लिहिलेलं, आणि वर्षापुढे एक आकडा.

पहिल्यांदा मला कळलं, कारण मी आकड्यांची माणूस. दर वर्षीच्या तपासणीतली काकांची उपाशीपोटीची साखर होती ती. एकशे ब्याऐंशी. एकशे सत्त्याहत्तर. एकशे एकोणसत्तर. एका वर्षी मध्येच वाढली होती, त्या वर्षीची फळी दुप्पट जाड होती. शेवटच्या फळीवर एकशे नऊ. चौतीस वर्षांत मी पुष्कळ तक्ते केले, सरकारी बक्षीसही मिळालं एकदा. इतका चांगला तक्ता माझ्या हातून कधी झाला नाही.

काकांनी फळ्या डोळ्यांजवळ धरून वाचल्या. सगळ्या. वेळ लागला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली असतीत."

"मग! शब्द म्हणजे शब्द."

"तेच तर. तुमचा शब्द राहिला असता आणि मी मागे एकटी पाटी पुसत बसले असते."

काका उठले. कोपऱ्यातली शिडी घेतली, दाराबाहेर लावली आणि सकाळी अकरा वाजता, भर बर्फात, पाटी उतरवून आत घेऊन आले. सेगावा इतके वाकले की कपाळ मेजावर आपटलं. "माझा तो गुलाबी कागद..." ते पुटपुटले. काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही चहा संपवा आणि जा. दुकान बंद आहे."

पुढचे तीन दिवस तोचियाचं दार लागलेलंच. धूर नाही, अझुकीचा वास नाही. काका सकाळी कोट घालून कुठेतरी बसने जायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. कुठे जातात, काकूलाही ठाऊक नव्हतं. मी बर्फ लोटत असताना ती एकदा गटारापाशी भेटली. मी म्हटलं, माझं चुकलं, काकू. ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं? आकडाच खरा होता." त्याने मला जास्तच लागलं. त्या तीन दिवसांत मी आमच्या दोघींच्या बाजूचा बर्फ एकटीने लोटला, आणि भांडायला कोणी नव्हतं.

चौथ्या दिवशी काका माझ्या दारात उभे राहिले. हातात लेबलांचा एक ताव, त्यावर लाल पेन्सिलीची खूण.

"बाई, तुमच्या लेबलात चूक आहे."

माझं डोकं सणकलं. "पुन्हा तेच? एकशे अठरा म्हणजे एकशे अठराच! तीनदा मोजलंय मी!"

"आकडा बरोबर आहे. खाली बघा."

मी चष्मा लावला. आकड्यांच्या चौकटीखाली बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता असतो. तिथे छापलं होतं, तोचिहारा तोकुजी. त्यांनी 'तोकुजी'वर लाल रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, 'तामी'.

"असं नुसतं बदलता येत नाही, काका. आरोग्य खात्यात परवाना तुमच्या नावावर आहे."

"नव्हे, होता. तीन दिवस तिथेच फेऱ्या घातल्या. पहिल्या दिवशी सहीऐवजी मारायचा शिक्का घरी विसरलो. दुसऱ्या दिवशी तिचा शिक्का हवा म्हणाले. काल तिच्या डब्यातून चोरून नेला." त्यांनी खिशातून तो इवलासा शिक्का काढून दाखवला. "मी म्हणालो होतो चव बदलली तर माझं दुकान बंद. बंद केलं. आता हे तिचं दुकान आहे. मी तिथे झारा फिरवायला नोकर."

"काकूला सांगितलंत?"

"कशाला? तिने मला बारा वर्षं सांगितलं का?"

मी नवीन लेबलं छापून दिली. दुसऱ्या सकाळी तोचियातून वास आला म्हणून मी गेले. काका कढईशी उभे होते, खांदा खाली, तोंडाने गाणं. काकू मेजाशी बसून भरलेल्या खोक्यांमागे लेबलं चिकटवत होती, न वाचता, भराभर, सांडलेले दाणे वेचावेत तशी. काका पाठमोरे होते, पण झारा फिरवायचा थांबला होता. मी दारातच उभी राहिले.

अकराव्या खोक्यावर लेबल जरा तिरकं बसलं. ते सरळ करायला ती वाकली, आणि तशीच राहिली. मग तिने आधीचं खोकं उलटून पाहिलं, त्याच्या आधीचं पाहिलं. तिने अकरावं लेबल सरळ केलं आणि त्या नावावरून अंगठा फिरवून दाबलं, दोनदा. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"अहो," ती म्हणाली, "एवढ्या बारीक अक्षरात?"

"कायद्याने तेवढंच लागतं," काका पाठमोरेच म्हणाले. "आता पुढचं माप सांगा, मालकीणबाई. तळाला लागतंय."